लूकचे द्विखंडात्मक लेखन आणि प्राचीन इतिहासलेखनाची परंपरा : ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाचा साधनचिकित्सात्मक अभ्यास

गोषवारा

नव्या करारातील लूककृत शुभवर्तमान आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ हे एकाच लेखकाच्या ग्रंथाचे दोन खंड होत. धर्मग्रंथ म्हणून त्यांचे वाचन दीर्घकाळ होत आले आहे. प्रस्तुत निबंधात त्यांचा विचार इ.स.च्या पहिल्या शतकातील ग्रीक इतिहासलेखनाचा एक नमुना म्हणून केला आहे. ग्रंथाची प्रस्तावना, कालनिर्देश व भाषणे यांची समकालीन इतिहासकारांशी तुलना करून त्यातील विधाने शिलालेख, जोसेफसचे ग्रंथ आणि पौलाची पत्रे यांच्या आधारे तपासली आहेत. या तपासणीतून असे दिसते की विश्वसनीयता हा संपूर्ण ग्रंथाचा सरसकट गुण नसतो. ती प्रत्येक विधानासंबंधी स्वतंत्रपणे ठरवावी लागते.

बीजसंज्ञा : लूक, प्रेषितांची कृत्ये, ग्रीक इतिहासलेखन, साधनचिकित्सा, जोसेफस, पौलाची पत्रे

१. प्रस्तावना

इतिहासलेखनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात पाश्चात्त्य परंपरेचा परिचय साधारणपणे हिरोडोटस व थ्युसिडिडीज यांच्यापासून होतो. पॉलिबियस, लिव्ही, टॅसिटस या क्रमाने तो पुढे जातो आणि ख्रिस्ती इतिहासलेखनाचा विचार चौथ्या-पाचव्या शतकांतील युसेबियस व संत ऑगस्टीन यांच्यापासून सुरू होतो. टॅसिटस व युसेबियस यांच्यामध्ये सुमारे दोनशे वर्षांचे अंतर आहे. ख्रिस्ती समाजाची वाटचाल सलग कथनाच्या रूपाने मांडण्याचा उपलब्ध असलेला पहिला प्रयत्न मात्र या दोघांच्याही आधीचा असावा, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. तो प्रयत्न म्हणजे ‘प्रेषितांची कृत्ये’. हा ग्रंथ अभ्यासक्रमातून सुटतो याचे कारण त्याचे वय किंवा त्याची गुणवत्ता हे नसून, तो धर्मग्रंथाच्या संग्रहात समाविष्ट झाला हे आहे.

या समावेशामुळे दोन परस्परविरोधी भूमिका रूढ झाल्या. एका भूमिकेनुसार ग्रंथ पवित्र असल्यामुळे त्यातील प्रत्येक विधान खरे आहे. दुसऱ्या भूमिकेनुसार ग्रंथ श्रद्धेचा असल्यामुळे इतिहासकाराच्या दृष्टीने तो निरुपयोगी आहे. वरवर पाहता या भूमिका विरोधी वाटल्या तरी त्यांच्यात एक साम्य आहे. दोन्हींमध्ये ग्रंथ वाचण्यापूर्वीच त्याचा निकाल लागलेला असतो. मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला हा पेच नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला तेव्हा बखरी आणि अस्सल कागदपत्रे यांच्यातील फरक त्यांनी आग्रहाने मांडला. पुढील संशोधकांनी कागदपत्रांना अग्रस्थान दिले, परंतु बखरी टाकून दिल्या नाहीत. बखरीतील कोणते विधान कशासाठी ग्राह्य धरावे, याचे निकष त्यांनी शोधले. तोच प्रश्न येथे वेगळ्या काळातील व वेगळ्या देशातील ग्रंथाला विचारावयाचा आहे.

या निबंधाचा हेतू ग्रंथाचे धर्मशास्त्रीय मूल्यमापन करण्याचा नाही. इतिहासाच्या पदव्युत्तर चर्चासत्रात हा ग्रंथ अभ्यासासाठी ठेवल्यास त्याला कोणते प्रश्न विचारता येतील आणि त्यांची उत्तरे कोणत्या पुराव्यावरून मिळतील, एवढीच त्याची मर्यादा आहे.

२. ग्रंथ, कर्ता आणि पूर्वाभ्यास

दोन्ही खंड थियफिल नावाच्या व्यक्तीला उद्देशून लिहिलेले आहेत. दुसऱ्या खंडाच्या आरंभी पहिल्या खंडाचा उल्लेख येतो. भाषा, शैली व विचार यांच्या साम्यावरून दोहोंचा कर्ता एकच होता याविषयी बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. पहिल्या खंडात २४ व दुसऱ्या खंडात २८ अध्याय असून नव्या कराराचा चतुर्थांशाहून अधिक भाग या दोन खंडांनी व्यापलेला आहे. मूळ मजकुरात कर्त्याचे नाव नाही. पौलाचा सहकारी लूक हा कर्ता होय, ही परंपरा दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, इ.स. १८० च्या सुमारास लिहिणाऱ्या आयरेनियसच्या लेखनात स्पष्टपणे आढळते. प्रस्तुत निबंधात ‘लूक’ हे नाव केवळ सोयीसाठी वापरले आहे. रचनाकाळ बहुतेक अभ्यासक इ.स. ८० ते ९० या दशकात धरतात. रिचर्ड परव्हो यांनी २००६ मध्ये तो दुसऱ्या शतकाच्या आरंभी नेण्याच्या बाजूने सविस्तर युक्तिवाद केला आणि तेव्हापासून त्या मतालाही अनुयायी मिळाले आहेत.

आधुनिक चिकित्सेचा प्रारंभ एकोणिसाव्या शतकातील जर्मनीत झाला. ट्युबिंगन येथील एफ. सी. बाउर (१७९२–१८६०) यांनी असे प्रतिपादन केले की आरंभीच्या ख्रिस्ती समाजात पेत्राचा पक्ष व पौलाचा पक्ष यांच्यात तीव्र संघर्ष होता आणि ‘कृत्ये’ हा ग्रंथ तो संघर्ष झाकून समेटाचे चित्र उभे करण्यासाठी लिहिला गेला. याउलट, आशिया मायनरमध्ये प्रत्यक्ष फिरून शिलालेख व प्राचीन रस्ते यांचा अभ्यास करणारे विल्यम रॅम्से (१८५१–१९३९) हे लूकच्या भौगोलिक अचूकतेने प्रभावित झाले व त्यांनी त्याला श्रेष्ठ इतिहासकारांच्या पंक्तीत बसवले. विसाव्या शतकात हेन्री कॅडबरी यांनी १९२७ मध्ये दोन्ही खंडांचा एकच साहित्यकृती म्हणून अभ्यास केला. मार्टिन डिबेलियस यांनी ग्रंथातील भाषणे प्राचीन इतिहासलेखनाच्या संदर्भात तपासली. बाउर व रॅम्से या दोघांनीही खरा पुरावा मांडला होता. मात्र ग्रंथाच्या एका थरावरून मिळालेला निष्कर्ष त्यांनी सर्व ग्रंथाला लावला. पुढील विवेचनात या थरांचा स्वतंत्र विचार केला आहे.

३. लेखकाची प्रतिज्ञा आणि लेखनप्रकार

पहिल्या खंडाच्या आरंभी लूकने एका लांब, घोटीव ग्रीक वाक्यात आपली भूमिका सांगितली आहे. तिचा आशय असा : या घटनांचा वृत्तांत अनेकांनी पूर्वी लिहिला आहे, प्रत्यक्ष साक्षीदारांनी तो परंपरेने आपल्यापर्यंत पोहोचवला आहे, आपण सर्व गोष्टींचा मुळापासून काळजीपूर्वक मागोवा घेतला आहे, आणि वाचकाला शिकवलेल्या गोष्टींची निश्चिती पटावी म्हणून त्या क्रमाने लिहिल्या आहेत. येथे तीन पिढ्यांचा पट दिसतो. आधी साक्षीदार, नंतर पूर्वीचे लेखक आणि शेवटी स्वतः लूक. घटना आपण डोळ्यांनी पाहिल्या असा दावा या प्रस्तावनेत तो करीत नाही. साधने व पद्धती यांचा निर्देश करणारी अशी प्रस्तावना चार शुभवर्तमानांपैकी केवळ याच शुभवर्तमानाला आहे.

पूर्वसूरींचा उल्लेख, साक्षीदारांचे महत्त्व, स्वतःच्या परिश्रमाची ग्वाही व लेखनाचे प्रयोजन हे ग्रीक प्रस्तावनांचे परिचित घटक होत. पॉलिबियसने इतिहासकाराने प्रवास करावा, स्थळे पाहावीत व साक्षीदारांची उलटतपासणी करावी असा आग्रह धरला होता. जोसेफसचा ‘अपियोनविरुद्ध’ हा ग्रंथ दोन भागांचा असून एपाफ्रोडायटस या आश्रयदात्याला अर्पण केलेला आहे, आणि त्याच्याही दुसऱ्या भागाच्या आरंभी पहिल्या भागाचे स्मरण दिलेले आहे. मात्र लव्हडे अलेक्झांडर यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की लूकच्या प्रस्तावनेची संक्षिप्तता व शैली ही मोठ्या इतिहासग्रंथांपेक्षा वैद्यक, यंत्रशास्त्र यांसारख्या विषयांवरील तांत्रिक ग्रंथांच्या प्रस्तावनांना अधिक जवळची आहे. ग्रेगरी स्टर्लिंग यांनी या ग्रंथाची गणना एखाद्या समाजाने आपली ओळख जगापुढे मांडण्यासाठी लिहिलेल्या इतिहासांमध्ये केली. परव्हो यांनी त्यातील तुरुंगातून सुटका, वादळ, जहाजफूट इत्यादी प्रसंगांचे प्राचीन कादंबरीशी असलेले साम्य दाखवले. ही मते एकमेकांना सर्वस्वी छेद देत नाहीत. प्राचीन काळी इतिहास, चरित्र व रंजक कथन यांच्या सीमा आजच्याइतक्या काटेकोर नव्हत्या.

कथनाचा प्रकार बदलला की वाचकाची अपेक्षाही बदलते, याचे एक उदाहरण मराठीतच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात हीच शुभवर्तमानातील कथा मराठी वाचकांसाठी मांडली तेव्हा त्यांनी ओवीबद्ध पुराणाचा घाट निवडला. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रथम छापले गेले. पुराण ऐकणारा श्रोता आणि ग्रीक वृत्तांत वाचणारा थियफिल यांच्या अपेक्षा सारख्या नव्हत्या. म्हणून ग्रंथ खरा की खोटा हे विचारण्यापूर्वी, तो कोणत्या प्रकारचा ग्रंथ होऊ इच्छितो हे विचारावे लागते.

लूकची आकांक्षा त्याच्या कालनिर्देशातूनही व्यक्त होते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या कार्याचा आरंभ सांगताना त्याने तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीचे पंधरावे वर्ष, यहूदियाचा सुभेदार पंतय पिलात, हेरोद, फिलिप्प व लुसनिय हे मांडलिक आणि हन्ना व कयफा हे प्रमुख याजक, असे अनेक संदर्भ एकत्र दिले आहेत. सर्वमान्य शक अस्तित्वात नसलेल्या काळात अनेक राज्यांच्या अधिकाऱ्यांवरून वर्ष निश्चित करण्याची ही रीत होती. थ्युसिडिडीजने इ.स.पू. ४३१ मध्ये सुरू झालेल्या पेलोपोनेशियन युद्धाचा आरंभ आर्गॉसची पुजारीण, स्पार्टाचा एफोर व अथेन्सचा आर्कोन यांच्या उल्लेखांनी याच रीतीने निश्चित केला आहे. गालीलच्या खेड्यापाड्यांतील घटनेला लूकने साम्राज्याच्या कालगणनेत स्थान दिले, हे त्याच्या दृष्टीचे वैशिष्ट्य होय.

४. भाषणांचा प्रश्न

‘कृत्ये’ या ग्रंथाचा चतुर्थांशाहून अधिक भाग पेत्र, स्तेफन, पौल इत्यादींच्या भाषणांनी व्यापला आहे. ही भाषणे शब्दशः खरी मानावीत काय? थ्युसिडिडीजने याबाबत स्वतःची पद्धत प्रांजळपणे सांगितली आहे. नेमके शब्द स्मरणात ठेवणे कठीण असल्याने, प्रत्यक्ष बोलल्या गेलेल्या गोष्टींच्या एकूण आशयाला शक्य तितके धरून, प्रसंगाला जे उचित ते आपण वक्त्यांच्या मुखी घातले, असा तिचा भाव आहे. पॉलिबियसने मात्र भाषणे रचणाऱ्या टिमियससारख्या इतिहासकारांवर कठोर टीका केली. म्हणजे याविषयी प्राचीनांमध्येही मतभेद होते.

प्राचीन इतिहासकार प्रत्यक्षात काय करीत, याचा एक दुर्मीळ पुरावा फ्रान्समधील लियाँ येथे १५२८ मध्ये सापडला. सम्राट क्लॉडियसने इ.स. ४८ मध्ये गॉलमधील पुढाऱ्यांना सिनेटचे सदस्यत्व मिळावे म्हणून केलेले भाषण तेथील कांस्यपटावर कोरलेले आहे. तेच भाषण टॅसिटसने आपल्या वार्षिकवृत्तांताच्या अकराव्या भागात दिले आहे. दोहोंची तुलना केली असता टॅसिटसने मुख्य युक्तिवाद राखला, परंतु क्रम बदलला, विषयांतरे गाळली आणि भाषा सर्वस्वी आपली वापरली, असे दिसते. लूकच्या भाषणांसाठी असा कांस्यपट उपलब्ध नाही. तरीही अंतर्गत पुरावा बोलका आहे. यरुशलेमेतील सभेत याकोब जे भाषण करतो त्यात आमोस संदेष्ट्याच्या वचनाचा आधार घेतला आहे. मूळ हिब्रू पाठात तेथे अदोमाच्या अवशिष्ट लोकांवर ताबा मिळवण्याचा विषय आहे. सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरात मात्र उरलेली मानवजात देवाचा शोध घेईल असा अर्थ झाला आहे. याकोबाचा युक्तिवाद या ग्रीक पाठावरच उभा आहे. यरुशलेमेतील अरामी बोलणाऱ्या पुढाऱ्याने आपल्याच लोकांपुढे ग्रीक भाषांतरावर विसंबून निर्णायक मुद्दा मांडला असणे संभवनीय वाटत नाही. हे भाषण निदान सध्याच्या रूपात लूकचे आहे, असा निष्कर्ष त्यातून निघतो. थ्युसिडिडीजच्या भाषणांसाठी आपण जो निकष लावतो तोच येथे लागू पडतो. भाषण हे प्रसंगाचे ध्वनिमुद्रण नसून इतिहासकाराने केलेले त्या प्रसंगाचे विवरण असते.

५. शिलालेखांची साक्ष

‘कृत्ये’मधील नगरे, प्रांत व अधिकारपदे यांच्या संदर्भात मात्र लूकची माहिती उल्लेखनीय रीतीने अचूक आहे. थेस्सलनीकातील नगराधिकाऱ्यांना तो ‘पोलिटार्क’ म्हणतो. हे पदनाम इतर ग्रीक वाङ्मयात आढळत नसल्याने पूर्वी त्याविषयी शंका घेतली जात असे. परंतु त्याच शहरातील वार्दार दरवाज्यावर या पदनामाचा शिलालेख होता. तो दरवाजा १८७६ मध्ये पाडला गेला आणि शिलालेख ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. पुढे मॅसिडोनियात याच पदनामाचे इतरही लेख मिळाले. कुप्र व अखया येथील अधिकाऱ्यांना लूक प्रोकॉन्सल म्हणतो. सिनेटच्या अखत्यारीतील प्रांताच्या सुभेदाराचे हे पदनाम होय. अखया प्रांत तिबिर्याने सिनेटकडून काढून घेतला होता व क्लॉडियसने इ.स. ४४ मध्ये तो परत केला. त्यामुळे पन्नाशीच्या सुमारास तेथे प्रोकॉन्सल असणे बरोबर ठरते.

याहून महत्त्वाचा पुरावा डेल्फी येथील आहे. क्लॉडियसच्या एका पत्राचे कोरीव तुकडे तेथे सापडले व १९०५ मध्ये त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. या पत्रात तत्त्वज्ञ सेनेकाचा बंधू गल्लियो याचा प्रोकॉन्सल म्हणून निर्देश असून सम्राटाच्या सव्विसाव्या जयघोषाचा उल्लेख आहे. त्यावरून पत्राचा काळ इ.स. ५२ च्या सुमाराचा ठरतो आणि गल्लियोची एक वर्षाची कारकीर्द साधारणपणे ५१–५२ मध्ये बसते. करिंथ येथे पौलाला गल्लियोच्या न्यायासनापुढे उभे केले गेले, असे ‘कृत्ये’च्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. पौलाच्या स्वतःच्या पत्रांत गल्लियोचा उल्लेख कोठेही नाही. तेव्हा पौलाच्या जीवनक्रमातील कालनिश्चितीचा सर्वांत भक्कम टप्पा हा लूकचे विधान आणि डेल्फीचा शिलालेख यांच्या जोडणीतून मिळतो. ‘कृत्ये’ हा ग्रंथ सर्वस्वी बाजूला सारणाऱ्या इतिहासकाराला पौलाच्या पत्रांचा कालक्रमही सैल झालेला आढळेल.

यरुशलेमेतील मंदिराच्या आतील आवारात परकीयांनी प्रवेश केल्यास मृत्युदंड होईल, अशी ताकीद देणारा ग्रीक शिलालेख क्लेरमाँ-गान्नो यांना १८७१ मध्ये मिळाला. इफिसकर त्रफिम याला मंदिरात नेल्याच्या संशयावरून पौलाविरुद्ध उसळलेल्या दंगलीचे जे वर्णन लूक करतो, त्याची पार्श्वभूमी या लेखामुळे स्पष्ट होते. तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. पार्श्वभूमी खरी ठरली म्हणून प्रसंग तंतोतंत सांगितल्याप्रमाणेच घडला, असे सिद्ध होत नाही. चांगली ऐतिहासिक कादंबरीही अधिकारपदे अचूक देऊ शकते. शिलालेखांवरून एवढेच निश्चित म्हणता येते की या जगाची लूकला किंवा त्याच्या साधनांना जवळून ओळख होती.

६. जोसेफसच्या ग्रंथांशी विसंगती

हाच लेखक दोन ठिकाणी कालविपर्यास करताना दिसतो. पहिले ठिकाण क्विरिनियाच्या नावनिशीचे, म्हणजे जनगणनेचे आहे. पहिल्या खंडानुसार योहान व येशू यांच्या जन्माच्या घटना हेरोद राजाच्या काळात घडतात, आणि येशूचा जन्म सूरियाचा सुभेदार क्विरिनिय याने केलेल्या नावनिशीच्या वेळी होतो. हेरोदाचा मृत्यू सामान्यतः इ.स.पू. ४ मध्ये धरला जातो. जोसेफसने क्विरिनियाची जनगणना आक्टियमच्या लढाईनंतरच्या सदतिसाव्या वर्षात, म्हणजे इ.स. ६ मध्ये घातली आहे. हेरोदाचा पुत्र अर्खेलाव पदच्युत होऊन यहूदिया थेट रोमन अमलाखाली आल्यानंतरची ही घटना आहे. या दोन निर्देशांत निदान नऊ वर्षांचे अंतर पडते. क्विरिनिय पूर्वी एकदा सूरियाचा सुभेदार असावा, असा तर्क काहींनी केला. परंतु हेरोदाच्या अखेरच्या वर्षांत सूरियात सॅटर्निनस व व्हारस हे सुभेदार होते, असे जोसेफसवरूनच कळते.

दुसरे ठिकाण ‘कृत्ये’च्या पाचव्या अध्यायात गमलियेलाच्या भाषणात आहे. साधारण इ.स. ३० ते ४० च्या दरम्यान घडणाऱ्या या प्रसंगात गमलियेल थुदासाच्या फसलेल्या बंडाचा दाखला देतो आणि त्याच्यानंतर नावनिशीच्या दिवसांत गालीलकर यहूदाने उठाव केला, असे सांगतो. जोसेफसच्या मते थुदासाचे बंड कस्पियस फादस या अधिकाऱ्याच्या वेळी, म्हणजे इ.स. ४४ ते ४६ च्या सुमारास झाले. म्हणजे गमलियेल अद्याप न घडलेल्या बंडाचे उदाहरण देतो आणि दोन्ही उठावांचा क्रमही उलटा होतो. जोसेफसच्या ग्रंथात थुदासाच्या कथेनंतर थोड्याच अंतराने गालीलकर यहूदाच्या पुत्रांच्या शिक्षेचा व त्या निमित्ताने यहूदाचा उल्लेख येतो. लूकने इ.स. ९३–९४ मधील तो ग्रंथ वाचला होता व घाईने क्रम उलटला, असे काहींना वाटते. तसे असल्यास ‘कृत्ये’ची रचना त्यानंतरची ठरते. थुदास नावाचा दुसरा कोणी बंडखोर असावा, असा इतरांचा तर्क आहे. परंतु त्याला स्वतंत्र पुरावा नाही.

येथे जोसेफसलाही निर्दोष मानण्याचे कारण नाही. त्याचे दोन ग्रंथ अनेक ठिकाणी एकमेकांशी विसंगत आहेत. तथापि वरील दोन्ही प्रसंगांत त्याचा कालनिर्देश प्रशासकीय क्रमाशी जुळतो व लूकचा जुळत नाही. एजियन समुद्राभोवतीच्या नगरांविषयी अचूक असणारा लेखक आपल्यापूर्वीच्या पिढ्यांतील यहूदियाविषयी कमी विश्वसनीय ठरतो, हा या विसंगतींचा अर्थ होय.

७. समकालीन पत्रे आणि नंतरचा वृत्तांत

लूकच्या बाबतीत इतिहासकाराला आणखी एक दुर्मीळ सोय आहे. त्याच्या वृत्तांताचा प्रमुख नायक पौल याची स्वतःची पत्रे उपलब्ध आहेत. दिमिष्क शहरातून पौलाने केलेल्या पलायनाचे उदाहरण पाहू. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल सांगतो की अरीतास राजाच्या अधिकाऱ्याने त्याला पकडण्यासाठी शहरावर पहारा बसवला होता आणि आपण टोपलीतून तटावरून खाली उतरून निसटलो. अरीतास हा नबाती अरबांचा राजा असून तो इ.स. ४० च्या सुमारास मरण पावला. ‘कृत्ये’च्या नवव्या अध्यायात तीच टोपली, तोच तट व तीच सुटका आहे, परंतु पाठलाग करणारे यहूदी आहेत आणि अरीतासाचा मागमूस नाही. घटनेचा गाभा दोन्ही साधनांत समान असून तिचे कारण बदलले आहे. यहूद्यांचा विरोध व त्यातून संदेशाचा प्रसार हे सूत्र लूकच्या ग्रंथात वारंवार येते. येथे त्या सूत्राने प्रसंगाला आपल्या साच्यात बसवले असे म्हणावे लागते. या सूत्राचा नंतरच्या युरोपात यहूदीद्वेषाच्या समर्थनासाठी वापर झाला, हे लक्षात घेता अशा तुलनेचे महत्त्व केवळ तांत्रिक राहत नाही.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल शपथपूर्वक सांगतो की साक्षात्कारानंतर आपण यरुशलेमेस न जाता अरबस्तानात गेलो, तीन वर्षांनी यरुशलेमेस जाऊन केवळ केफा व याकोब यांना भेटलो आणि पुढे चौदा वर्षांनी पुन्हा तेथे गेलो. ‘कृत्ये’मध्ये अरबस्तानाचा उल्लेख नाही, बर्णबा पौलाला प्रेषितांपुढे नेतो आणि यरुशलेमेच्या सभेपूर्वी पौलाच्या तेथील दोन भेटी होतात. पौलाला आपले स्वातंत्र्य सिद्ध करावयाचे होते आणि लूकला एकोपा दाखवावयाचा होता. त्यामुळे दोन्ही साधनांना आपापला हेतू आहे. पौलाचे पत्र समकालीन व स्वानुभवाचे असल्याने अग्रक्रम त्यालाच द्यावा लागतो. परंतु वादाच्या ऐन भरात लिहिलेले पत्रही निरपेक्ष नसते, हे विसरता येत नाही. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केल्याची हकीकत पत्रात आहे, ‘कृत्ये’त ती नाही. तेथे पौल व बर्णबा यांचा दुरावा मार्क म्हटलेल्या योहानाला बरोबर न्यावे की नाही, एवढ्याच कारणावरून होतो. बाउर यांच्या निरीक्षणातील तथ्य या थरात दिसून येते.

लूक आपली साधने कशी वापरतो हे पहिल्या खंडातही पडताळता येते. मार्ककृत शुभवर्तमान हे त्याचे एक साधन होते, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. मार्कच्या अखेरीस रिकाम्या कबरेजवळ शिष्यांना गालीलास जाण्याचा निरोप मिळतो. लूकने त्या जागी येशूने गालीलात असताना सांगितलेल्या गोष्टींचे स्मरण करून दिले आहे. गालील हा शब्द राहिला, तेथे जाण्याची सूचना मात्र गेली. कारण लूकच्या योजनेत शिष्य यरुशलेमेतच थांबतात व तेथून वृत्तांत यहूदिया, शोमरोन असा पसरत अखेर रोमला पोहोचतो. साधनाशी नाते राखून ते आपल्या रचनेत बसवण्याची ही पद्धत लिव्हीने पॉलिबियसचा जो उपयोग केला त्यापासून फार दूरची नाही.

८. दैवी कार्यकारणभाव

चमत्कार व दैवी हस्तक्षेप यांमुळे हा ग्रंथ इतिहासाच्या कक्षेबाहेर जातो, असा आक्षेप घेतला जातो. परंतु हिरोडोटसच्या कथनात डेल्फीचे कौल घटनांना दिशा देतात, लिव्ही दरवर्षीच्या अपशकुनांची नोंद करतो आणि जोसेफस यरुशलेमेच्या विनाशामागे देवाची योजना पाहतो. या लेखकांना आपण अभ्यासक्रमातून वगळत नाही. दैवी कारणाची सत्यता ठरवण्याचे साधन इतिहासाजवळ नाही. लोकांनी काय मानले व त्या मानण्यातून ते कसे वागले, हे मात्र इतिहासाला सांगता येते. पौलाच्या परिवर्तनाची कथा ‘कृत्ये’त तीनदा येते. एके ठिकाणी सोबत्यांना वाणी ऐकू येते पण कोणी दिसत नाही. दुसऱ्या ठिकाणी त्यांना प्रकाश दिसतो पण वाणी ऐकू येत नाही. एकाच लेखकाने हा फरक राहू दिला यावरून, तपशिलांच्या एकवाक्यतेपेक्षा प्रत्येक श्रोतृवर्गापुढील परिणामाला त्याने अधिक महत्त्व दिले असे दिसते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, लूकने आपले लेखन ग्रीक गद्यवृत्तांताच्या मान्य संकेतांनुसार रचले आणि म्हणून त्याची तपासणी त्याच संकेतांच्या कसोटीवर करणे न्याय्य आहे. दुसरी, नगरे, अधिकारपदे व प्रवासमार्ग यांविषयी त्याची माहिती बहुतांशी भक्कम आहे. पूर्वीच्या पिढीतील यहूदियाच्या कालक्रमाविषयी ती सदोष आहे. पुढाऱ्यांच्या परस्परसंबंधांविषयी ती हेतुपुरस्सर घडवलेली आहे. आणि भाषणे त्याची स्वतःची रचना आहेत. तिसरी, पौलाची पत्रे व ‘कृत्ये’ यांत विरोध असेल तेथे पत्रांना अग्रक्रम द्यावा. परंतु पत्रे मूक असतील तेथे ‘कृत्ये’चे विधान आपोआप स्वीकारू नये व आपोआप नाकारूही नये.

अशा वाचनाने श्रद्धावानाची श्रद्धा किंवा संशयवाद्याचा संशय निकालात निघत नाही. मात्र चर्चासत्राच्या टेबलाभोवती बसलेल्या दोघांनाही क्विरिनियाचे वर्ष, गल्लियोचा शिलालेख व दिमिष्कची टोपली यांचा सारखाच हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडे पुराणे, महानुभावांचे लीळाचरित्र, संतचरित्रे व बखरी अशा अनेक ग्रंथांत श्रद्धा आणि वृत्तांत एकत्र नांदतात, आणि त्यांच्याविषयीचे वाद बहुधा संपूर्ण स्वीकार वा संपूर्ण नकार या टोकांवर होतात. ज्या ग्रंथाविषयी वर्गातील बहुतेक विद्यार्थ्यांची आधीची भावनिक गुंतवणूक नाही, त्यावर साधनचिकित्सेचा सराव झाल्यास आपल्या आदराच्या ग्रंथांकडेही ते त्याच शिस्तीने पाहू शकतील. इतिहासलेखनशास्त्राच्या अभ्यासक्रमात टॅसिटस व युसेबियस यांच्या दरम्यान या ग्रंथाला जागा द्यावी, ही शिफारस याच कारणासाठी आहे.